फिडेलिसला मी थांब म्हणाले होते

फिडेलिस गेल्याची बातमी मला त्याच्या बहिणीने दिली, त्याला आता सहा आठवडे झाले. वॉशिंग्टनजवळच्या अ‍ॅशबर्नमधल्या आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीतच बसून मी डबा खात होते. कॅनडाचा नंबर दिसला म्हणून उचलला. पलीकडून एका बाईने इंग्रजीत विचारलं, "तुम्हीच ना त्या फाइलवाल्या काकू?" त्यातला 'काकू' हा शब्द तिने मराठीच उच्चारला, म्हणजे भावाने तिला तो तसाच सांगितला असणार. मी हो म्हणाले. "मी पर्पेचुआ. फिडेलिसची बहीण. तो मंगळवारी गेला. पाच दिवस ताप होता, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. तुम्हाला हे घरच्या माणसाकडून कळावं असं वाटलं." मग ती थांबली. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबली असेल... मी डब्याचं झाकण लावत बसले. तिने हळूच फोन ठेवला. डब्यातली उसळ तशीच राहिली आणि मी एक वाजताच्या मीटिंगला जाऊन बसले. तिथे दोन प्रश्नही विचारले, आणि ते चांगले होते असं मॅनेजर नंतर म्हणाला.

फिडेलिस माझा कुणी लागत नव्हता. आमच्या डेटा सेंटरच्या दारावर तो सिक्युरिटी गार्ड होता. डेटा सेंटर म्हणजे बिनखिडक्यांची भलीमोठी गोदामं, तुमच्या फोनमधले फोटो आणि बँकेतले व्यवहार असल्याच एखाद्या गोदामात पडलेले असतात. आत जायचं तर दर वेळी ओळखपत्र दाखवायचं, वहीत सही करायची, पिशवी उघडायची. मी आठवड्यातून तीन दिवस सकाळी तिथे जात असे. एकदा चतुर्थीला पिशवी उघडली तर डब्यात साबुदाण्याची खिचडी. हे काय, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, टॅपिओकाचे मणी, आज माझा उपवास आहे. त्याने डबा नाकाशी नेला, हसू दाबलं आणि म्हणाला, "मॅडम, हा आमचा कसावा आहे. आम्ही रोज पोटभर खातो. मी याला उपवास म्हणालो असतो तर आईने झोडपलं असतं." त्याच्या इंग्रजीचं मराठी मी माझ्या परीने करते आहे, त्याची गंमत त्यात निम्मीच उतरते. पुढच्या चतुर्थीला मी दोन डबे नेले.

तो कॅमेरूनचा, तिथल्या डोंगराळ भागातला. गावात भूगोलाचा मास्तर होता. तिथे लढाई सुरू झाली तेव्हा शाळा उघडली तर बंडखोरांची बंदूकवाली पोरं मारायची आणि बंद ठेवली तर सैनिक येऊन जाब विचारायचे. त्याने काही दिवस चर्चच्या मागच्या खोलीत गुपचूप वर्ग घेतला. मग एका सकाळी फळ्यावर त्याचंच नाव कुणीतरी लिहून ठेवलेलं दिसलं, आणि तो निघाला. विमानाने इक्वेडोर, तिथून बसने, होडीने, पायी, असं करत नऊ देश ओलांडून तो अमेरिकेच्या सीमेवर पोहोचला. पनामाच्या जंगलाबद्दल तो फारसं बोलायचा नाही. बोलायचा तो मेक्सिकोतल्या तापाचुला नावाच्या गावाबद्दल, जिथे त्याला आणि त्याच्यासारख्या शेकडो आफ्रिकन माणसांना पुढे जायचा कागद मिळेपर्यंत थांबवून ठेवलं होतं. रोज सकाळी कार्यालयाच्या फाटकाशी उभं राहायचं, दुपारी यादीत नाव नाही म्हणून तंबूत परतायचं. असे आठ महिने. त्याचा एक जिवलग मित्र म्हणे, आपण नियमाने थांबू. फिडेलिस एका पहाटे त्याला न सांगता उठला आणि चालू लागला. तो पोहोचला. तो मित्र आजही तिथेच कुठे न्हाव्याचं दुकान टाकून बसला आहे. यातून फिडेलिसने एक नियम काढला होता आणि शाळेत शिकवावा तसा तो मला समजावून सांगायचा. जिथे रांग हलत नाही तिथून निघायचं, आणि जिथे ती एकाएकी भराभर हलायला लागते तिथून तर पळायचंच.

मला हा नियम पटणं शक्यच नव्हतं. मी नागपूरची. कॉलेजपासून रांगा लावत आलेली. अमेरिकेत व्हिसावर आले त्याला अठरा वर्षं होतील आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभी राहिले त्याला चौदा. तुमच्यापैकी ज्यांची मुलं इथे आहेत त्यांना आमची ती फाइल माहीत असेल. प्रत्येक मराठी घरात असते. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये टाकतील, पण फाइल घरात, हाताशी. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात, रंगीत खुणा लावून, तारखेप्रमाणे. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक नागपुरात भावाकडे. दर महिन्याला सरकार एक तक्ता काढतं, त्यात आपली तारीख किती सरकली ते बघायचं, आणि शनिवारी कुणाकडे जेवायला जमलो की पोळीभाजी वाढता वाढता त्याचीच चर्चा. ती तारीख पुढे सरकली तर आनंद, मागे गेली तर मौन. याला आम्ही आयुष्य म्हणतो, आणि हे नियमाने केलं की शेवटी सगळं मिळतं यावर आमची श्रद्धा असते. देवावर एवढी नसेल.

माझे वडील गेले तेव्हा माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं होतं. वकील म्हणाली, बाहेर जाऊ नका, परत येताना पासपोर्टवरच्या स्टॅम्पिंगमध्ये महिनोन् महिने अडकाल. श्रीकांत, माझा नवरा, म्हणाला, "अगं, जाऊन ये, बघू पुढचं पुढे." मी गेले नाही. किचनच्या काउंटरवर फोन टेकवून ठेवला आणि त्याच्या पडद्यावर बाबांना नेताना पाहिलं. मध्येच नेटवर्क गेलं. ही गोष्ट मी इथे कुणालाच कधी सविस्तर सांगितली नव्हती, कारण इथे प्रत्येकाकडे असं एक तरी माणूस आहे. फिडेलिसला सांगितली. दाराजवळच्या त्या उंच टेबलामागे तो उभा होता, सही करायची वही उघडी होती. त्याने ती मिटली आणि म्हणाला, "अशिया, काकू." त्यांच्याकडे डोक्यावर ओझं घेऊन चाललेल्या माणसाला वाटेत कुणी भेटलं की असं म्हणतात. सांत्वनाचाच शब्द, पण काम करणाऱ्यालाही म्हणतात. तोवर तो आमच्या घरी येऊ लागला होता आणि सगळ्यांची पोरं मला काकू म्हणतात हे ऐकून त्यानेही मॅडम सोडून काकू धरलं होतं.

रविवारी दुपारी तो हर्नडनला आमच्याकडे यायचा. चर्चमधून थेट, इस्त्रीच्या शर्टात. माझी मुलगी ईरा तेव्हा नववीत होती. मी मराठीत दहा वाक्यं बोलले की ती इंग्रजीत एक उत्तर देते, पण त्याच्याशी मात्र तासतासभर गप्पा. तिच्या वहीत त्याने नद्या काढून दिल्या. नकाशा न बघता, एका ओढीत, डोंगरातून समुद्रापर्यंत. श्रीकांत त्याला म्हणायचा, "यार, तू इथे टीचिंगचं लायसन्स का नाही काढत?" तो म्हणायचा, "केसचा निकाल लागू दे, सर." केस म्हणजे आश्रयाचा अर्ज. तो एकदा फेटाळला गेला होता, अपील पडून होतं. तोपर्यंत काम करायची परवानगी होती आणि वर्षातून एकदा सरकारी कार्यालयात जाऊन हजेरी लावायची. तो दर वर्षी जायचा, शिक्का घेऊन यायचा. आम्ही दोघे त्या बाबतीत सारखेच, असं मी म्हणायचे. तो मान हलवायचा. मला तेव्हा ते हो वाटायचं.

मग गेल्या वर्षी वारं बदललं. हजेरीला गेलेली माणसं परत आली नाहीत, अशा बातम्या येऊ लागल्या. त्याच्या चर्चमधला एक जण गेला तो गेलाच. आणि फिडेलिसला पत्र आलं की हजेरीची तारीख चार महिने अलीकडे घेतली आहे. रविवारी तो ते पत्र घेऊन आला. जेवला नाही. म्हणाला, "काकू, रांग भराभर हलायला लागली." त्याचं ठरत आलं होतं. पर्पेचुआ कॅनडात स्थायिक होती. जवळचा नातेवाईक तिकडे असेल तर सीमेवरच्या चौकीत जाऊन रीतसर सांगता येतं आणि ते निदान ऐकून तरी घेतात, हे त्याने चौकशी करून ठेवलं होतं. सीमेजवळच्या बफेलोपर्यंत बस, पुढे पूल ओलांडला की कॅनडा. बहीण पलीकडे येऊन उभी राहणार होती.

मी त्याला काय सांगितलं ते मी सगळं लिहिणार आहे, कारण नाहीतर या लेखाला काही अर्थ नाही. मी म्हणाले, अपील अर्धवट टाकून गेलास तर रेकॉर्ड कायमचा खराब होईल. मी म्हणाले, ज्यांना पकडलं त्यांचे कागद धड नसणार. म्हणाले, तू टॅक्स भरतोस, तुझ्यावर साधी ट्रॅफिकची पावती नाही, तुला कशाला धरतील? श्रीकांत मध्ये बोलला, "विद्या, त्याला ठरवू दे, आपल्याला त्यातलं काय कळतं?" मी त्याला गप्प केलं. मला सगळं कळतं असं मला वाटत होतं, अठरा वर्षांचा अनुभव होता ना. फिडेलिस म्हणाला, "तुमची रांग वेगळी आहे, काकू." मी चिडले. अगदी आवाज चढवून म्हणाले, "रांग रांगच असते. शेवटाशी पोहोचलेलाच माणूस मध्येच सोडून जातो आणि मग नशिबाला बोल लावतो. आपल्यासारख्या माणसांनी थांबायचं असतं." ईरा जिन्यावरून म्हणाली, "Aai, stop it." मी थांबले नाही.

आज मला कळतं मी एवढी का चिडले. थांबणं मूर्खपणाचं आहे हे त्याचं म्हणणं मान्य केलं असतं तर बाबांना शेवटचं न भेटणं हाही मूर्खपणाच ठरला असता. तो निघून गेला असता आणि सुखरूप पोहोचला असता तर माझ्या चौदा वर्षांचं मी काय केलं असतं? मला तो थांबायला हवा होता. त्याच्यासाठी नव्हे. हे लिहायला मला सहा आठवडे लागले.

आणि मग मी आमच्या लोकांनी करावं तेच केलं. त्याची फाइल बनवली. दोन शनिवार डायनिंग टेबलावर पसारा होता. भाड्याची पावती, टॅक्सचे कागद, चर्चच्या पाद्रींचं पत्र, कंपनीचं पत्र, गावातल्या शाळेचा जुना फोटो, माझं स्वतःचं दोन पानी पत्र की हा माणूस आमच्या घरी येतो, माझ्या मुलीला शिकवतो, याच्यासाठी मी शब्द देते. हिरव्या, पिवळ्या, निळ्या खुणा लावल्या. वर अनुक्रमणिका टाइप केली. खरं सांगते, मला ती फाइल बनवताना आनंद झाला होता. फिडेलिस समोर बसून पाकिटात कागद सरकवत होता आणि म्हणाला, "इतकं सुंदर मी कधीच दिसलो नव्हतो." आम्ही दोघेही हसलो.

हजेरीच्या दिवशी मी रजा घेतली आणि त्याला गाडीने घेऊन गेले. आत फक्त त्यालाच सोडलं. मी बाहेरच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. शेजारी एक बाई लेकराला दूध पाजत होती, तिचा नवरा आत होता. एक तास गेला, दोन गेले. साडेअकराला बाजूचं दार उघडलं आणि तिथल्या एका माणसाने फिडेलिसचं नाव घेऊन विचारलं, याच्याबरोबर कोण आहे? मी उठले. त्याने माझ्या हातात फाइल दिली. "ही त्याला लागणार नाही," म्हणाला. उद्धटपणे नाही हो, अगदी सभ्यपणे. मी म्हणाले, यात सगळं आहे, तुम्ही बघा तरी. तो म्हणाला, "मॅडम, कागदांबद्दल काही तक्रार नाहीये." मी फाइल घेऊन तिथेच उभी राहिले. ती उघडलेलीसुद्धा नव्हती. वरचा रबरबँड मी घातला तसाच होता.

पुढचं थोडक्यात सांगते. आधी जवळच्या कोठडीत, मग दुसऱ्या राज्यात, मग त्याहून लांब, असं त्याला हलवत राहिले. आम्ही वकील केला. वकिलाला तो नेमका कुठे आहे हे शोधण्यातच आठवडे गेले. तीन महिन्यांनी त्याला विमानात बसवून कॅमेरूनला पाठवलं. गावी जाणं शक्यच नव्हतं, म्हणून तो सीमा ओलांडून शेजारच्या देशात गेला आणि समुद्रकाठच्या एका शहरात चार जणांत एक खोली घेऊन पुढचा रस्ता शोधत राहिला. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. छत्तीस वर्षांचा माणूस, नऊ देश पायाखाली घातलेला, पुन्हा शून्यावर. आणि त्याच महिन्यात तारीख सरकून ग्रीन कार्डासाठी माझा नंबर लागला. श्रीकांतने पेढे आणले होते. मी एक खाल्ला. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी मला फसवणूक झाल्यासारखं वाटलं, आणि कुणी फसवलं हे बोट दाखवून सांगताही येईना. या देशाने म्हणावं तर मला त्याने सगळं दिलं. त्यानेच त्याच दाराने फिडेलिसला बाहेर काढलं. नियम पाळा, मग सगळं ठीक होतं, असं मी ज्यांच्याकडून शिकले आणि ज्यांना शिकवलं, त्या आम्हा सगळ्यांचाच मला राग येतो.

तिकडून त्याचा फोन मला दोनदाच आला. दुसऱ्या वेळी मी धीर करून विचारलं, "माझ्यावर रागावला आहेस का?" मला वाटलं होतं, तो म्हणेल, नाही, काकू. चांगल्या घरचा, मास्तर माणूस, तो असंच म्हणेल. तो म्हणाला, "हो. रागावलोय." मागे कुठेतरी जनरेटरचा आवाज येत होता. मग म्हणाला, "पण त्यातला तुमच्यावर किती आणि माझ्यावर किती, हे अजून ठरत नाही." मी विचारलं, तुझ्यावर कशाला? तो म्हणाला, "ते राहू द्या. ईराला सांगा, नद्या समुद्राकडून उलट्या काढून बघ, जास्त चांगल्या येतात." ते शेवटचं बोलणं.

गेल्या शनिवारी पर्पेचुआचा पुन्हा फोन आला. यावेळी मी बोलू शकले, रडू शकले, तीही रडली. ती म्हणाली, त्याच्या अमेरिकेतल्या खोलीवरच्या मित्रांनी त्याची बॅग तुमच्याकडे आणून दिली होती ना, ती उघडा, कपडे कुणाला तरी द्या, फोटो असतील तर मला पाठवा. बॅग त्याला पकडून नेल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात आमच्याकडे आली होती आणि आमच्या पाहुण्यांच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. तो परत येईल तेव्हा देऊ म्हणून मी तिला हात लावला नव्हता. ती निळी, खांद्याला लावायची बॅग. मी जमिनीवर बसून उघडली. इस्त्रीचे शर्ट, चार. लोकरीचे मोजे. लेबल न काढलेले जाड हातमोजे. बायबल. प्लास्टिकच्या डब्यात साबुदाणा, कच्चा, माझ्याचकडून नेलेला, बहिणीला दाखवायला असणार. आणि बाजूच्या खिशात चार घड्या घातलेला कागद. वॉशिंग्टन ते बफेलो, बस. सकाळी साडेनऊची. तारीख त्याच हजेरीच्या दिवसाची.

त्याने मला सांगितलं नाही. माझ्या टेबलावर बसून पाकिटात कागद सरकवत होता तेव्हा त्याचं हे ठरलेलं होतं. माझं मन मोडायचं नाही म्हणून माझ्यासमोर फाइल बनवायची आणि सकाळी मी पोहोचायच्या आत निघून जायचं, तापाचुलातल्या मित्राला न सांगता निघाला होता तसं. मी त्याच्यावर चिडले आहे. मेलेल्या माणसावर चिडतात का? मी चिडले आहे. एकदा तोंडावर म्हणाला असतास, काकू, मी जातोय, तुमची फाइल तुम्हाला लखलाभ... मी तुला बसस्टॉपवर सोडलं असतं. सोडलं असतं का? माहीत नाही. बहुतेक नसतंच.

त्या सकाळी मी साडेसातला येते म्हणाले होते. अशा कार्यालयात जायचं म्हटलं की आम्ही नेहमी तासभर आधी निघतो, ट्रॅफिक लागला तर, पार्किंग मिळालं नाही तर. मी पावणेसातलाच त्याच्या दारात होते. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. तो बूट घालून, जाकीट घालून उभा होता आणि खांद्याला ही निळी बॅग होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फाइलकडे पाहिलं. म्हणाला, "काकू, तुम्ही लवकर आलात." मी विचारलं, "बॅग कसली?"

"लॉन्ड्री," तो म्हणाला.

मी म्हणाले, "लॉन्ड्री काय, संध्याकाळी येऊन कर. चल." त्याने बॅग दाराच्या आत ठेवली आणि माझ्या मागोमाग गाडीत येऊन बसला.